परकी भाषा शिकताना उत्साह मध्येच का संपतो? (जपानीच्या निमित्ताने)



जपानी भाषेवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, क्लास लावला, पुस्तकं आणली, दोन महिने अगदी जोरात केलं. आता पुस्तक उघडावंसंच वाटत नाही. मोटिव्हेशन आणायचं कुठून?"

हा प्रश्न फक्त हौसेने शिकणाऱ्यांचा असता तर मी एवढं लांबलचक लिहायला बसले नसते. हौस होती, फिटली, सोडून दिलं, कुणाचं काही बिघडलं नाही. पण विचारणाऱ्यांत बरीच मुलं-मुली अशी आहेत की त्यांच्या घरी जपानी ही हौस नाहीये. एक नर्सिंग केलेली मुलगी आहे. एक वेल्डिंगचं काम करणारा मुलगा आहे. एकीच्या आईने बचत गटातून कर्ज काढून क्लासची फी भरलीय. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांबद्दल करार झाला. वृद्धांची देखभाल, बांधकाम, कारखान्यातली कामं अशा ठरावीक क्षेत्रांत आपली मुलं तिकडे जाऊ शकतात. त्यासाठी कामाची परीक्षा असते आणि भाषेचीही. साधारणपणे जेएलपीटीची एन ४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा लागते. असा मुलगा बाराव्या धड्यावर थांबला तर फीचे पैसे जातात, घरात बोलणी बसतात, आणि 'मला भाषा जमत नाही' हा शिक्का तो स्वतःच स्वतःवर मारून घेतो. तो शिक्का मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण बहुतेक वेळा तो खोटा असतो.

मी भाषेची प्राध्यापक नाही. माझं पुण्यात स्टेशनरीचं दुकान आहे, आणि दुकान सांभाळून मी जपानी शिकले, एन ४ पर्यंत. त्यामुळे उत्तर दुकानदारीच्या भाषेतच देणार.

आपण उत्साहाला डिपॉझिट समजतो. सुरुवातीला एकदाच भक्कम भरायचं आणि त्यावर दोन वर्षं काढायची. म्हणून मग लोक मोठमोठी भाषणं ऐकतात, भिंतीवर फुजी पर्वताचा फोटो लावतात, नवी वही, नवे हायलायटर. (हायलायटर माझ्याच दुकानातून घ्या, तक्रार नाही.) पण उत्साह म्हणजे खेळतं भांडवल आहे हो. माल आणला, विकला, पैसा आला, त्यातून पुन्हा माल आणला. हे चक्र फिरत राहिलं तर दहा बाय दहाचं दुकानही चालतं. फिरायचं थांबलं की मोठ्या शोरूमलाही टाळं लागतं.

आता आपण भाषा कशी शिकतो ते बघा. शब्द पाठ करा, व्याकरण पाठ करा, लिपी गिरवा, पुढचा धडा. म्हणजे नुसती खरेदी! गोडाऊन भरतंय आणि गल्ल्यात रुपया नाही. भाषेतली विक्री म्हणजे काय, तर एखादा शब्द आपण वापरला आणि त्याच्या बदल्यात काहीतरी परत आलं. समोरच्याला कळलं, कुणी हसलं, डब्यावरचं लेबल वाचता आलं, मालिकेतलं एक वाक्य खालची अक्षरं न बघता समजलं. जी मजा, जी मजा म्हणतात ती हीच वसुली. दोन महिने विक्रीच झाली नसेल तर तिसऱ्या महिन्यात पुस्तक उघडावंसं वाटत नाही, यात आळशीपणा कसला? कुठलाही शहाणा व्यापारी हात आखडताच घेईल.

मग सर्टिफिकेटचं काय? परीक्षा पास व्हायचं ध्येय आहेच की, ते पुरत नाही का? इथे एक जुना प्रयोग सांगते. स्टेशनरीवाली म्हणून मला तो फार आवडतो, कारण त्यात स्केचपेन आहेत. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान रिबन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले आणि कोण किती वेळ रमतंय ते लपून पाहिलं. प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांपेक्षा जवळपास निम्माच वेळ रमली. खेळ होता त्याचं काम झालं होतं.

यावरून 'परीक्षा देऊ नका' असं मी म्हणत नाहीये. परीक्षा द्याच, ती तुमच्या व्हिसाची किल्ली आहे. पण परीक्षेला फक्त तारखेचं काम द्या, मजेचं नको. शिवाय जेएलपीटीमध्ये बोलायची परीक्षाच नसते. सगळे पर्यायी प्रश्न. म्हणजे पहिल्यापासून फक्त त्या परीक्षेसाठी शिकलात तर विक्रीचं काउंटर न बांधताच दुकान उभं केल्यासारखं होतं. पास झालेली पण "पाणी हवंय का?" विचारताना अडखळणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता खरा मुद्दा. मजा बाहेरून आणायला जावं लागत नाही, निदान मराठी माणसाला जपानी शिकताना तरी नाही. ती त्या भाषेतच पडलेली आहे. पण आपल्याला जपानी शिकवली जाते इंग्रजीतून आणि इंग्रजीच्या नजरेने, त्यामुळे ती दिसतच नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक प्रशिक्षण संस्था आहे. तिने जपानीला सगळ्यात अवघड भाषांच्या गटात टाकलंय, सुमारे २२०० तास वर्गात बसावं लागतं असा तिचा हिशेब. हा आकडा इंटरनेटवर सगळीकडे फिरतो आणि आपली मुलं घाबरतात. अरे पण तो आकडा इंग्रजी बोलणाऱ्या माणसांचा आहे! इंग्रजी माणसाला वाक्य उलटं करावं लागतं. आपल्याला नाही लागत.

हे बघा. 'मी उद्या पुण्याहून मुंबईला जाणार.' जपानीत: 'वाताशी वा आशिता पुने कारा मुनबाई नि इकिमास.' वाताशी म्हणजे मी. वा हा कुणाबद्दल बोलतोय ते दाखवणारा शब्द. आशिता म्हणजे उद्या. पुने कारा, पुण्याहून. मुनबाई नि, मुंबईला. इकिमास, जातो किंवा जाणार. एकही शब्द जागेवरून हलवावा लागला नाही. क्रियापद शेवटी, आणि 'हून', 'ला' हे नावाच्या मागे चिकटलेले, अगदी आपल्यासारखे. 'चा-ची-चे' साठी त्यांच्याकडे 'नो' आहे, आणि तो एकच, लिंग-वचनाची भानगड नाही. माझं पुस्तक, वाताशी नो होन. माझी वही असली तरी 'नो' च. जपानीत नामाला लिंगच नाही. ज्यांनी जर्मन करून बघितलंय त्यांनी इथे एक सुस्कारा सोडावा.

अजून पुढे. प्रश्न विचारायचा असेल तर जपानीत वाक्याच्या शेवटी काय लावतात माहितीये? 'का'. इकिमास का? जाणार का? हा निव्वळ योगायोग आहे, नातं वगैरे काही नाही. पण पहिल्याच आठवड्यात हा योगायोग मला इतका आवडला की मी दुकानात दिवसभर प्रत्येक वाक्याला 'का' लावत होते. आणि आपण 'गरम होतंय ना' म्हणताना जो 'ना' लावतो, समोरच्याची मान डोलवायला, तिथे ते 'ने' लावतात. अत्सुइ देस ने. गरम आहे ना.

मला सर्वात जास्त आनंद झाला तो पुढच्या गोष्टीने. मराठीत आपण 'खाऊन बघ' म्हणतो. बघायचं काहीच नसतं, चव घ्यायची असते. इंग्रजीत हे सांगायला वेगळाच शब्द घ्यावा लागतो. जपानीत? 'ताबेते मिरु'. ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणे. तंतोतंत! 'घेऊन ठेव', म्हणजे पुढे लागेल म्हणून आत्ताच विकत घे, याला ते म्हणतात 'कात्ते ओकु'. कात्ते म्हणजे विकत घेऊन, ओकु म्हणजे ठेवणे. शाळा सुरू व्हायच्या आधी मी वह्या 'कात्ते ओकु' करते. 'लिहून देणे' सुद्धा तसंच, 'काइते आगेरु', आणि आगेरु म्हणजे देणे. क्लासमध्ये हा धडा आला की बाकीचे व्याकरणाचा नियम म्हणून पाठ करतात. मराठी माणसाने तो पाठ करू नये. फक्त ओळखावा.

शब्दांचंही तसंच. आपल्या भाषेत धडधड, गडगड, चकचक, गरगर असे जोडशब्द किती आहेत! इंग्रजीत असं फार थोडं. जपानीत मात्र याचा नुसता पाऊस आहे. छातीत धडधडतं ते 'दोकी-दोकी'. ढग गडगडतात ते 'गोरो-गोरो'. चकचकीत पुसलेली काच 'पिका-पिका'. गरगर फिरणं 'गुरु-गुरु'. रिमझिम पाऊस 'शितो-शितो'. आणि एखादा परकी भाषा घडाघडा बोलायला लागला की तो 'पेरा-पेरा' बोलतो. हे शब्द लहान मुलांना सांगा, ती एका दिवसात उचलतात. माझ्या भाचीने घरात सगळ्यांचं जेवण 'पिका-पिका' करून टाकलं होतं, म्हणजे ताटं चाटूनपुसून.

मुळाक्षरांची एक गंमत. जपानी हिरागाना लिपीत ४६ मूळ अक्षरं. तक्ता वाचा: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतंय का? बौद्ध धर्माबरोबर संस्कृत अक्षरांचा अभ्यास चीनमार्गे जपानला पोचला आणि त्याच्या प्रभावातून हा क्रम बसला. भाषातज्ज्ञ असंही मानतात की फार जुन्या जपानीत आजच्या 'स' चा उच्चार 'च' च्या जवळचा होता आणि 'ह' च्या जागी 'प' होता. ते बदल करून परत वाचा: क, च, त, न, प, म, य, र, व. पहिलीच्या भिंतीवरचा तक्ता! ज्याला हे कुणी सांगितलं नाही तो ४६ अनोळखी चिन्हं घोकतो. ज्याला सांगितलं तो आपल्याच घरातल्या पुढच्या खोलीत शिरतो.

'हे सगळं छान आहे ताई, पण कांजी?' हो, कांजी आहे. चिनी चित्राक्षरं. जपान सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत २१३६ आहेत, आणि तिथे मराठीचा काही उपयोग नाही, सरळ मेहनत आहे. जास्तीत जास्त लोक इथेच गळतात. पण धंदा करणाऱ्यांसाठी एक दार इथेही उघडं आहे. शिंपल्यासाठी एक अक्षर आहे, 'काइ'. मुळात ते कवडीचं चित्र. जुन्या चीनमध्ये कवड्या पैशासारख्या चालायच्या, म्हणून पैशाशी संबंध आलेल्या अक्षरांत ही कवडी लपलेली असते. विकत घेणे, त्यात कवडी. खर्च, त्यात कवडी. साठवणे, भांडवल, उसने देणे, मजुरी, सगळ्यांत कुठे ना कुठे कवडी बसलेली. कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक म्हणणाऱ्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. मी माझ्या हिशेबाच्या वहीत खर्चाच्या रकान्यावर ते जपानी अक्षर लिहायला लागले. रोज दहा वेळा डोळ्यांखालून जातं. माझे अकाउंटंट काका आधी वैतागले, आता त्यांनाही ते ओळखता येतं.

शेवटचं वाक्य म्हणजेच माझी पद्धत. जे काम तुम्ही तसंही रोज करता त्यात भाषा घुसवायची. वेगळा तास काढायचा नाही. किंवा काढा, पण सगळी भिस्त त्यावर नको. भाषा शिकायला वेळ नाही म्हणणारा माणूस दुकानात रोज माल मोजतो, गिऱ्हाईकाची वाट बघत बसतो, स्वयंपाक करतो, बसमध्ये उभा राहतो. काउंटर तिथे बांधायचं.

माझं काउंटर म्हणजे मोजणी. जपानीत नुसतं 'तीन' म्हणून चालत नाही, वस्तूच्या आकाराप्रमाणे मोजायचा शब्द बदलतो. आपणही कागदाचा ताव, भाजीची जुडी, केळ्यांचा फणा म्हणतोच की. त्यांच्याकडे लांबट वस्तूंना 'होन', पातळ सपाट वस्तूंना 'माई', पुस्तकं-वह्यांना 'सात्सू'. आता स्टेशनरीच्या दुकानात आहे काय दुसरं? लांबट, सपाट आणि वह्या! रात्री शटर अर्ध ओढून स्टॉक लावताना मी पेन्सिली मोजायचे, इप्पोन, निहोन, सानबोन. कार्डपेपर, इचिमाई, निमाई, सानमाई. तीन आठवड्यांत बसलं.

मग एकदा एक जपानी बाई मुलाला घेऊन ओरिगामीचे कागद घ्यायला आल्या. पुण्यात जपानी कुटुंबं आहेत बऱ्यापैकी, पण माझ्याकडे तोपर्यंत कुणी आलं नव्हतं. त्या इंग्रजीत जुळवाजुळव करत होत्या. मी विचारलं, "नानमाई देस का?" किती कागद? त्या एक क्षण थांबल्या. मुलगाच आधी म्हणाला, "निजूमाई!" वीस. वीस कागदांचा धंदा तो, नफा किती असणार! पण त्या रात्री मी पुढचे दोन धडे एका बैठकीत वाचले. कुणी सांगितलं नव्हतं. गल्ल्यात आलं, पुन्हा मालात गेलं.

आकड्यांबद्दल चालता चालता. मराठीत शंभरपर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना 'एकोणसाठ रुपये' म्हटलं की ती आईकडे बघतात. जपानीत दहापर्यंत आले की नव्याण्णवपर्यंत आले. नव्याण्णव म्हणजे 'क्यू-जू-क्यू', नऊ-दहा-नऊ. दहा हजाराला मात्र वेगळं नाव आहे, 'मान', आणि आपला एक लाख म्हणजे दहा मान. आपल्याला हजाराच्या वर लाख-कोटींच्या उड्या मारायची सवय आहे, त्यामुळे हा नवा टप्पा फार जड जात नाही.

सगळ्यांच्या दारात जपानी गिऱ्हाईक येणार नाही, मान्य. तेव्हा वसुली ऐकण्या-वाचण्यातून करायची. घरात मुलं डोरेमॉन बघतातच, तोच एक भाग मूळ जपानीत लावा. गोष्ट माहिती असते, त्यामुळे कान मोकळे राहतात. व्यवसाय करणाऱ्यांना मी 'कोदोकु नो गुरुमे' ही मालिका आवर्जून सांगते. २०१२ पासून तिचे बरेच सीझन आले. त्यातला नायक परदेशी वस्तू आयात करणारा एकटा छोटा व्यापारी आहे. गिऱ्हाईकाला भेटायला जातो, भूक लागते, एखाद्या साध्या खानावळीत शिरतो आणि जेवतो. झालं, एवढीच मालिका! मारामारी नाही, रडारड नाही. पण गिऱ्हाईकाशी अदबीने कसं बोलायचं, ऑर्डर कशी द्यायची, पदार्थ आवडला तर मनात काय येतं, हे सगळं साध्या वाक्यांत कानावर पडतं. एनएचकेचे सोपे जपानी धडे फुकट आहेत, हिंदीतूनही आहेत. इंग्रजीपेक्षा हिंदीतून वाचा, वाक्यरचना जुळते.

शब्द विसरायला होतात त्यावर लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाची खोक्यांची पद्धत वापरा. कार्डावर एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. बरोबर आला की पुढच्या खोक्यात, तो कमी वेळा बघायचा. चुकला की पुन्हा पहिल्या खोक्यात, तो रोज. दुकानात जो माल हलत नाही तो आपण दर्शनी भागात मांडतो ना, तसंच. ॲप आहेत यासाठी, पण बुटांची खोकी असतील तर तीही चालतील.

आता लाजेबद्दल. हंगेरीत लोम्ब कातो नावाच्या एक दुभाषी बाई होऊन गेल्या. आडनाव आधी लिहितात तिकडे. जन्म १९०९ चा, मूळ शिक्षण रसायनशास्त्राचं, आणि पुढे सोळा भाषांमध्ये काम केलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून बचावाच्या तळघरात बसून त्या चोरून रशियन कादंबरी वाचायच्या. त्यांनी एक सूत्र मांडलं होतं: वर दिलेला वेळ आणि ओढ, खाली संकोच, म्हणजे संकोचाने भागायचं. यात हुशारी कुठेच नाही बघा. आणि भागाकारातली खालची संख्या मोठी असेल तर वर कितीही घाला, हातात चिल्लरच येते.

संकोच घालवायला मी एकच सांगते. माझ्याकडे पेनांचा माल टाकणारा एक राजस्थानी दादा आहे. आला तेव्हा पहिल्या महिन्यापासून मोडकंतोडकं मराठी बोलायचा. 'पैसा देणार का ताई' ऐवजी 'पैसा देतो का ताई'. मला कधी हसू आलं नाही, उलट बरंच वाटायचं. दोन वर्षांत तो माझ्याशी हिशेबावरून मराठीत भांडायला लागला. आपण जपानी चुकवतो तेव्हा समोरच्या जपानी माणसाला साधारण असंच वाटत असणार. चुकलेलं वाक्य ऐकून कुणी गिऱ्हाईक तोडत नाही.

राहता राहिली ती कर्ज काढून शिकणारी मुलगी. 'मजा घे' हे तिला सांगणं म्हणजे चेष्टा वाटेल, कळतंय मला. तिच्या डोक्यात दिवसरात्र एकच: नापास झाले तर? डॉर्न्येइ नावाचे भाषा-शिक्षणातले अभ्यासक होते, तेही मूळचे हंगेरीचेच. ते म्हणायचे की शिकणाऱ्याच्या मनात स्वतःची दोन चित्रं असू शकतात. एक, 'मी असं व्हायलाच पाहिजे, नाहीतर लोक काय म्हणतील'. दुसरं, 'ही भाषा बोलणारी मी'. पहिलं चित्र पळायला लावतं, पण धापही लावतं. दुसरं चित्र जितकं स्वच्छ दिसेल तितकं ओढून नेतं. आणि 'जपानला जाईन, पैसे पाठवीन' हे स्वच्छ चित्र नव्हे. ते धूसर आहे. त्यात भाषाच नाहीये.

तिला मी असं सांगितलं. तू नर्सिंग केलंयस. डोळ्यांसमोर एक आजी आण. तिला उठवताना तू विचारतेस, "इताई देस का?" दुखतंय का? ती म्हणते, "दाइजोबू." ठीक आहे गं. हे दोन शब्द आजच येतात तुला, एन ४ ची वाट कशाला बघायची? आता घरात तुझी स्वतःची आजी आहे. रोज रात्री पायाला तेल चोळताना तिला विचार, इताई देस का? आजीने पहिल्या दिवशी काय गं ही थेरं म्हटलं म्हणे. चौथ्या दिवशी आजीच 'दाइजोबू' म्हणाली, आणि मग स्वतःहून 'गुडघ्याला काय म्हणतात' विचारलं. गुडघा म्हणजे 'हिझा'. अंगाच्या अवयवांचे सगळे शब्द त्या मुलीने आजीच्या पायाशी बसून केले. अभ्यासाचं टेबल वेगळं, फीचं टेन्शन वेगळं, आणि हे रोजचं दहा मिनिटांचं दुकान वेगळं. ती आता डिसेंबरच्या परीक्षेला बसतेय.

वेल्डिंगवाल्या दादाचं काउंटर वर्कशॉपमध्ये. 'आबुनाई' म्हणजे धोका, सांभाळ. 'आत्सुइ' म्हणजे गरम. 'मिगी' उजवीकडे, 'हिदारी' डावीकडे. जोडीदाराला रोज ओरडून सांगायचेच शब्द आहेत हे. जोडीदारही शिकतो, आणि मग ओरडणारे दोघं होतात. त्याने मला व्हॉइस नोट पाठवली, मागून ग्राइंडरचा आवाज आणि कुणीतरी खच्चून ओरडतंय, 'हिदारी, हिदारी!' मी दुकानात तीनदा ऐकली.

जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, बहुतेक पहिल्या रविवारी, आणि अर्ज काही महिने आधीच बंद होतात. तेव्हा तारीख बघून ठेवा. पुढच्या व्हिडिओत मोजायचे शब्द नीट घेणार आहे. त्याआधी घरातल्या लांबट वस्तू, लाटणं, छत्री, झाडू, पेन, जमिनीवर मांडून दहापर्यंत मोजून या. तीनला सानबोन, सहाला रोप्पोन, आठला हाप्पोन. 'होन' चा कधी 'बोन' आणि कधी 'पोन' का होतो, ते मुळाक्षरांच्या तक्त्यातल्या त्या जुन्या 'प' वरून तुम्हीच ओळखा बघू.